पाचव्या शीलाआधीचा खोकला

आमच्या वाडीत रविवार उजाडायचा तो अण्णांच्या हाकेने. कोंबडे त्याच्या आधी आरवायचे हे खरं, पण त्यांचं कोण मनावर घेतो! नाते गावाच्या अलीकडे रस्ता सोडून ओढा ओलांडला की आमची बौद्धवाडी लागायची. पंचवीस-तीस घरं, दोन विहिरी, चिंचेखाली एक पार आणि वरच्या टोकाला पत्र्याचं विहार. अण्णा म्हणजे माझे वडील. वाडीतून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस, त्यामुळे जगाचे ते गुरुजी आणि माझ्या एकटीचे अण्णा. आंघोळ करून, पांढरा लेंगा-सदरा चढवून ते विहाराच्या पायरीवर उभे राहायचे आणि "चला रे, चला गो" एवढंच म्हणायचे. ती हाक थेट ओढ्यावर पोचायची आणि तिथे धुणं आपटणाऱ्या बायका पिळे तसेच टाकून वर यायच्या. आता आमच्या विहाराला फरशी आहे, पंखे आहेत, दोन कर्णे आहेत, आणि तरी मागे बसलेल्याला काही कळत नाही. मी तिथे बसल्या बसल्या हे बोलून दाखवते आणि माझी नात मला गप्प बसवते.

विहारात वंदनेचं पुस्तक एकच होतं आणि ते अण्णांच्या हातात असायचं. वाडीतल्या निम्म्या माणसांना अक्षरओळख नव्हती, म्हणून अण्णा एकेक ओळ म्हणायचे आणि आम्ही सगळे मागून. पुढच्या रांगेत पोरं मांडी घालून बसलेली. त्यांचं सगळं पाठांतर कानानेच झालेलं. जसं ऐकलं तसं उचललं. हिंसा नको, चोरी नको, असं करत चार शीलं अण्णांच्या तोंडून खणखणीत बाहेर पडायची. पाचवं शील दारूपासून, नशेपासून दूर राहण्याचं. त्याच्या आधी अण्णांना खोकला यायचा. फार मोठा नाही. मूठ तोंडापुढे धरून दोनदा घसा खाकरायचे आणि मग ती ओळ खालच्या सुरात, घाईघाईने उरकायचे. आई त्यांना अडुळशाचा काढा द्यायची, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्यायची. खोकला आठवड्यातून एकदाच, त्याच जागी यायचा आणि उरलेले सहा दिवस त्याचा पत्ता नसायचा. मी मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली आले होते, तरी हे गणित काही मला सुटलं नव्हतं.

वंदना आटोपली की आमच्या ओटीवर बायकांची गर्दी व्हायची. वाडीतला जवळजवळ प्रत्येक बाप्या मुंबईला, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. त्यांना पत्र लिहायचं ते अण्णांनी. आत चुलीवर आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, कांद्यावर परतलेल्या सुकटीचा वास थेट ओटीपर्यंत आलेला, आणि अण्णा मांडीवर पाटी घेऊन, तिच्यावर कार्ड ठेवून लिहिताहेत. बायका सांगायच्या ते म्हशीचं, पोराच्या तापाचं, कौलं बदलायची आहेत त्याचं. शेवटी अण्णा आपल्या मनाने एक ओळ घालायचे, "तुमची आठवण येते, शिमग्याला नक्की या." मग सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ती ओळ आली की बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "अवो गुरुजी, ह्या कदी सांगितला मी!" पण ती ओळ खोडा असं एकीनेही कधी म्हटलं नाही.

अण्णांचं अक्षर बघत राहावं असं होतं. ही पत्रं पेटीत टाकायला मी नात्याला जायची आणि चालता चालता पत्ते वाचायची. त्यात माझ्या हळूहळू लक्षात आलं की सकाळी लिहिलेल्या पत्त्यांच्या रेघा थरथरलेल्या असतात. 'मुंबई'चा अनुस्वार भलतीकडेच पडलेला, वेलांट्या मोडलेल्या. दुपारच्या जेवणाआधी अण्णा "जरा परसात जाऊन येतो" म्हणून उठायचे. तिथून आल्यावर लिहिलेली कार्डं मात्र छापल्यासारखी स्वच्छ. पुढे पुढे अण्णांनी स्वतःच सांगून टाकलं की पत्रं लिहायची ती दुपारनंतरच, सकाळी हात आखडतो. कपातला चहा बशीत सांडायला लागला तेव्हा आईने त्यांना कपाऐवजी पेला दिला आणि तोही अर्धाच भरायला लागली. म्हणजे बघा, आम्ही किती तत्पर होतो. प्रत्येक गोष्टीवर आमच्याकडे उपाय होता.

आणि निदान करायला मामा होते. आईचे थोरले भाऊ, पोलादपूरला एस.टी. स्टँडाजवळ त्यांचं चहाचं हॉटेल. तरुणपणी गोदीत काढलेल्या दहा वर्षांमुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांना मत असायचं. ते आले की अर्धा तास नुसतं बोलायचे आणि मग पाणी मागायचे. अण्णांचा हात हातात घेऊन, पालथा-उलथा करून त्यांनी सांगितलं, "भावोजी, ह्यो वात हाय वात. शंभर टक्का. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात आठ दिवस बसवा, हात असा एकदम फिट होतोय का नाय बघा." अण्णा नुसते हसले. तिळाच्या तेलाची बाटली ठेवून मामा गेले आणि आई रोज सकाळी अण्णांचे हात चोळायला लागली.

आता कुणी विचारेल की तुम्हाला दारूचा संशय कसा आला नाही. यायचा कसा? दारुडा म्हणजे काय ते आम्हाला पक्कं माहीत होतं. जो गटारात पडतो, बायकोला मारतो, पारावर उभा राहून शिव्या देतो तो. अण्णांचा आवाज कधी चढला नाही. शाळा चुकली नाही. आईवर हात सोडाच, डोळासुद्धा वटारला नाही. रोज संध्याकाळी येताना ते लवंग चघळत यायचे, तर दातदुखी म्हणून. जेवण कमी झालं होतं, तर वय म्हणून. एखाद्या संध्याकाळी कुणी भेटायला आलं आणि अण्णा लवकर झोपलेले असले, तर आई दारातूनच सांगायची, "आज शाळेत लई काम पडलं, दमलेत ते." हे ती इतकं सहज सांगायची की मलाही खरं वाटायचं. तिला ठाऊक होतं का, हे मी नंतर तिला कितीदा विचारलं. ती म्हणायची, "ठाव होतं आन नव्हतं." मला वाटतं ते खरंच होतं.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन अध्यापिका विद्यालयाच्या प्रवेशाची वाट बघत घरी बसले होते. सतरा वर्षांची, अण्णांची लाडकी, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री. त्या सुमारास एका पौर्णिमेला आमच्याकडे भन्ते आले. वाडीत तीन दिवस आधीपासून सारवणं चालू होतं. विहाराला पताका लावल्या, आईने खीर केली, पोरांना साबण लावून लावून लाल केलं. त्या दिवशी वंदना भन्ते घेणार होते, म्हणून अण्णा प्रथमच आमच्यात, पुढच्या पोरांच्या मागे बसले होते. भन्ते वयस्कर होते, आवाज बारीक पण गोड. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. भन्ते पाचव्याचा श्वास घेतात न घेतात तोच पुढच्या रांगेतल्या बारा-पंधरा पोरांनी एकदम मूठ तोंडापुढे धरली आणि दोनदा खोकली. अगदी ताल धरून. पोरांना तो वंदनेचाच भाग वाटत होता. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून वंदना ऐकलीच नव्हती.

सगळं विहार हसलं. भन्तेही हसले आणि एका पोराला म्हणाले, "काय रे बाळ, घसा बसला का?" तो पोरगा उठून उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, "नाय! गुरुजी असाच म्हंतात." पुन्हा हशा. मी हसत हसत अण्णांकडे बघितलं. ते हसत नव्हते. मान खाली घालून ते बसले होते, आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. सकाळची कार्डं, परसात जाणं, लवंग, अर्धा पेला, खोकला, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन बसलं. खीर वाढताना माझ्या हातून दोन वाट्या सांडल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत गेल्यावर मी परसातली कोठी शोधली. पावसाळ्यातली इरली तिथे भिंतीला टांगलेली होती. पानांची ती मोठी टोपली बाजूला केली की मागे कोनाडा, आणि कोनाड्यात बाटली. बूच काढून वास घेतला. गावठी. मी ती तशीच आईसमोर नेऊन ठेवली. आई तांदूळ निवडत होती. तिने बाटलीकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, एक खडा वेचून बाहेर टाकला आणि म्हणाली, "होती तिथं ठेव, सुमे." मी म्हटलं, "ठेवणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा तिला उलट बोलले. मग ती रडली आणि तिला रडताना बघून मीही रडले. रडून झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून सूप पुरं केलं, कारण दुपारचं जेवण व्हायचंच होतं.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा बाटली ओटीवर होती. ते किती तरी वेळ चपला न काढता उभे राहिले. मग बसले आणि सरळ बोलले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटातल्या एका शाळेवर त्यांनी सहा वर्षं एकट्याने काढली होती, मी लहान असताना. पाऊस, थंडी, बोलायला माणूस नाही. तिथे सुरुवात झाली, थोडीशी, झोप यावी म्हणून. नंतर इकडे बदली झाली, घर मिळालं, माणसं मिळाली, पण ती काही सुटली नाही. आता सकाळी घेतली नाही तर खडू धरता येत नाही. वंदनेच्या सकाळी तेवढी घेत नाही, म्हणून तेव्हा हात कापतो. "म्हणजे दारू मला लागते, सुमन," ते म्हणाले, "हौस म्हणून कधीच संपलं ते." मग आईच्या आणि माझ्या देखत त्यांनी शपथ घेतली की या घटकेपासून थेंब शिवणार नाही. आणि मामा म्हणतात तसं सवला जाऊन राहतो, शाळेला रजा टाकतो. लोकांना वात सांगू. तिथे भट्टी जवळ नाही, आपल्याला ओळखणारं कुणी नाही, चार दिवसांत सुटेल. आम्हाला तिघांनाही ही युक्ती फार आवडली. वातही जाईल आणि दारूही जाईल, आणि वाडीतल्या पहिल्या मास्तरचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही. निघताना आईने माझा हात धरला. "मामाला बोलू नको. कुनालाच बोलू नको. घे शपथ." मीही घेतली. त्या आठवड्यात आमच्या घरात शपथांना काही तोटा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सवला मामांच्या ओळखीच्या घरी पडवीत आम्ही उतरलो. मी स्वयंपाकाला, मामा देखरेखीला. पहिला दिवस बरा गेला. अण्णा कुंडात बसले, मामांनी त्यांच्या पाठीवर तांब्याने पाणी ओतलं आणि जमलेल्या लोकांना वाताचे प्रकार समजावून सांगितले. रात्रभर अण्णांना झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम सुटला, हात काय, जीभसुद्धा थरथरत होती. मी केलेली पेज पोटात ठरेना. मामा खूश. "वात बाहेर पडतोय गो! बराबर लायनीवर हाय." आणि त्यांनी अण्णांना आणखी वेळ पाण्यात बसवलं. मला काही ते बरोबर दिसत नव्हतं, पण मला वाटलं, दारू सोडायची म्हणजे एवढा त्रास व्हायचाच, सोसायला हवा. हा विचार किती घातकी होता!

तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आली तेव्हा अण्णा पडवीत बसून चादरीवरून काहीतरी वेचत होते. मी विचारलं तर म्हणाले, "मुंग्या झाल्यात गं, किती या." चादर कोरी होती. अंग तापाने भाजत होतं. मग त्यांनी समोरच्या रिकाम्या अंगणाकडे बघून हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव पुकारायचे, थांबायचे, मान हलवायचे आणि पुढचं नाव. ती आताच्या शाळेतली नावं नव्हती. घाटातल्या त्या शाळेतली होती. एका नावाला उत्तर आलं नाही असं त्यांना वाटलं असावं. ते कळवळून पुन्हा पुन्हा तेच नाव पुकारत राहिले. मामांचं बोलणं प्रथमच बंद झालं होतं. मी म्हटलं, "मामा, गाडी बघा. महाडला दवाखान्यात न्यायचं, आत्ता." मामा म्हणाले, "आगो पन पाण्याचे आठ दिवस..." मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण मामा धावत सुटले आणि कुणाची तरी जीप घेऊन आले.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर गर्दी होती. त्यात नाते गावचे दोघे तिघे होते, अण्णांना बघून ते उठून उभेच राहिले. "गुरुजी? काय झालं गुरुजींना?" डॉक्टर बाहेर आले. जाड भिंगांचा चष्मा, घाईचं बोलणं. मामांनी सुरू केलं, "वाताचा झटका हाय, साहेब. सवला होतो..." डॉक्टर अण्णांचे डोळे बघत होते, बुबुळांपुढे बोट फिरवत होते. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मामा वाताचं सांगायला लागले आणि मी बाकावरच्या माणसांकडे बघितलं. नात्याला गेलेली गोष्ट वाडीत पोचायला एक दुपार लागते हे मला माहीत होतं. शपथ माहीत होती. आईचा चेहराही दिसत होता. आणि समोर अण्णा हवेतल्या हवेत खडूने लिहीत होते.

"वात नाही," मी म्हटलं. "दारू पितात. रोज. परवा सकाळपासून बंद आहे, एकदम."

डॉक्टरांनी प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. "किती वर्षं? रोज किती? सकाळी उठल्या उठल्या लागते का?" मी पटापट उत्तरं देत गेले. दहा वर्षांच्या वर. एवढी, म्हणून हाताने बाटली दाखवली. उठल्यावर लागते, दुपारी जेवणाआधी लागते, शाळेतून येताना लागते. घेतली की हात थांबतो, नाहीतर थांबत नाही. बोलता बोलता माझं मलाच नवल वाटलं. मला सगळं माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं एवढंच. "बरं झालं बोललीस," डॉक्टर म्हणाले आणि लगेच आत ओरडून सलाइन लावायला सांगितलं. मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "आनि मी गरम पान्यात बसवला तेंना."

अण्णा तिथे नऊ दिवस होते. डॉक्टर तिरसट, पण एकेक गोष्ट समजावून सांगायचे, आणि मी ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची. इतकी वर्षं रोज घेणाऱ्या माणसाने घरच्या घरी, एकदम बंद करायची नाही. शरीर उलटतं, जीवही जातो. आधी डॉक्टर, मग बंद. इथे गोळ्या देऊन ते शरीराला हळूहळू खाली आणत होते, रोज थोडी कमी. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, भरपूर खाणं. घरी गेल्यावर शपथा घालायच्या नाहीत, बाटल्या शोधत फिरायचं नाही, आणि बाहेर खोटं सांगून झाकायचंही नाही. आई हे ऐकून म्हणाली, "झाकायचा नाय तर काय वाजवायचा?" डॉक्टर म्हणाले, "वाजवू नका. कुणी विचारलं तर सांगा, आजारी होते, उपचार चालू आहेत. यात खोटं काय आहे?" मला वाटतं, 'आजार' हा शब्द तिला त्या दिवशी मिळाला आणि तिने तो शेवटपर्यंत हातचा सोडला नाही.

पुढचं सगळं आम्ही केलं, आणि मी हे जरा मिरवूनच सांगते, की नीट केलं. अण्णांची शाळेची वाट करवंदीच्या जाळीमागच्या भट्टीवरून जायची. त्यांनी ओढ्याकाठची लांबची वाट धरली. शाळा सुटल्यावरची वेळ सगळ्यात वाईट असते असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग त्या वेळेला आई शाळेच्या बांधापर्यंत जायला लागली, डब्यात नाचणीची आंबील किंवा उकडलेल्या शेंगा घेऊन, आणि दोघं खात खात घरी यायची. अख्ख्या संसारात नवऱ्याबरोबर रस्त्याने चालली नव्हती ती बाई. वाडीतल्या बायकांनी तिला इतकं चिडवलं! दर पंधरवड्याला अण्णा डॉक्टरांकडे जायचे. एकदा पाय घसरलाही. मामांकडे पोलादपूरला हळदीला गेले होते आणि कुणीतरी पाहुणचाराचा पेला हातात दिला. दुसऱ्याच दिवशी, कुणी विचारायच्या आत, त्यांनी घरी येऊन सांगितलं, कुठे, कधी, किती. आई रडायला लागली तर म्हणाले, "रडू नकोस, महाडला चल." आणि दोघं दुपारच्या गाडीने डॉक्टरांकडे गेली. मामांनी त्यानंतर आपल्या घरातल्या कुठल्याही कार्यात बाटली येऊ दिली नाही, आणि त्यावरही ते अर्धा तास बोलायचे. पुढे मी चाळीस वर्षं मास्तरकी केली. कितीतरी पोरांच्या बापांचे हात मला सकाळी थरथरताना दिसले. अशा घरी मी जायचे, चहा घ्यायचे, आणि वाताची गोष्ट निघाली की मला जे माहीत होतं ते सांगायचे.

पण मला सांगायचा आहे तो अण्णा दवाखान्यातून आल्यानंतरचा पहिला रविवार. नात्याहून गोष्ट अर्थातच आमच्या आधी वाडीत पोचली होती. हाक कोण देणार, हाच प्रश्न होता. अण्णांनीच दिली. आवाज उतरला होता, पण ओढ्यापर्यंत गेला. विहार इतकं भरलं की माणसं दारात उभी. अण्णा पुढे गेले, पुस्तक उचललं आणि म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे मी कुठे होतो. दारूने आजारी होतो. चार शीलं मी तुम्हाला दिली, ती खरी दिली. पाचवं देताना मी खोटं बोलत होतो. आता मला ते द्यायचं नाही, घ्यायचं आहे." आणि पुस्तक माझ्या हातात देऊन ते पोरांच्या रांगेत जाऊन बसले, मांडी घालून, एका शेंबड्या पोराला जरा सरकवून. मागून एक म्हातारी म्हणाली, "बसा गुरुजी, बसा. आमी पन हाव तितं." तेवढंच.

मी पहिलं शील म्हटलं, सगळे मागून म्हणाले. दुसरं, तिसरं, चौथं. अण्णांचा आवाज मला पोरांच्या आवाजात वेगळा ऐकू येत होता. मी पाचव्यासाठी श्वास घेतला, आणि पुढच्या रांगेने सवयीने मूठ तोंडापुढे धरली आणि दोनदा खोकली.

कुणी हसलं नाही. मी थांबले. अण्णांचे हात मांडीवर उघडे होते आणि थोडे थरथरत होते, पण त्यांनी ते लपवले नाहीत. ते शेजारच्या पोरांकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "तो खोकला माझा होता रे. वंदनेत तसं काही नाही. तुम्ही नका वागवू तो." पोरांनी मुठी खाली घेतल्या. मग अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"सुमन," ते म्हणाले, "पहिल्यापासून घे."

मी पहिल्यापासून घेतलं.